निवडून टाकलेले ठिपके

"काका, या वर्षी तुमच्या त्या जुन्या नोकरीबद्दल लिहा," संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "व्हिसावर तीन लेख आलेत, मॉर्गेजवर दोन. तुमच्या प्राण्यांमुळे मंडळाचा दिवाळी अंक जरा हलकाफुलका होईल."

मी हो म्हटलं. समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर चटकन देऊन टाकायची मला सवय आहे. बायको म्हणते, तुझ्यात तेवढा एकच गुण आहे. त्या गुणानं काय करून ठेवलं ते पुढे येईलच. तेव्हा हलकंफुलकं जे काही आहे ते आधीच वाढून घेतो, मागाहून पातेलं रिकामं असेल.

आपल्या मंडळाच्या दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये कागदी प्लेट घेऊन उभं राहिलं की दर वर्षी कुणीतरी नवीन आलेलं विचारायचं, "आपण काय करता?" आजूबाजूला सगळे बँकेतले, सॉफ्टवेअरमधले, हॉस्पिटलमधले. मी सांगायचो, "मी गुरं राखतो."

"अरे वा! फार्म आहे का तुमचं?"

"नाही. केंब्रिजमध्ये ऑफिस आहे. गुरं केनियात आहेत."

यावर लोक आणखी चकली घ्यायला निघून जायचे.

पण उत्तर खरं होतं. दोन हजारनंतरची काही वर्षं मी केंब्रिजला एका अगदी छोट्या संस्थेत होतो. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, एक किटली, एक हीटर जो फक्त जूनमध्ये नीट चालायचा. आफ्रिकेतल्या गवताळ मैदानांवरून जे मोठाले कळप ऋतूप्रमाणे इकडून तिकडे जातात, त्यांच्या वाटांचा हिशेब ठेवायचा, हे संस्थेचं काम. मी नागपूरला संख्याशास्त्र शिकलो, इंग्लंडला सॉफ्टवेअरच्या काँट्रॅक्टवर आलो. काँट्रॅक्ट संपलं, पाठोपाठ कंपनीही संपली, आणि घरात लहान मुलगी. तेवढ्यात जाहिरात दिसली: डेटाचं काम, प्राण्यांची आवड हवी. आवडीचं म्हणाल तर लहानपणी शेजारच्यांच्या गाईनं मला ढुशी मारून गटारात पाडलं होतं, तेवढाच काय तो संबंध. इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, "आवड आहे ना?" मी हो म्हटलं.

आईला फोनवर सांगितलं तर तिनं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे गुरंच ना रे बाप्पा? त्यासाठी विलायतेला कशाला जायचं? आपल्या काटोलला काय गुरं कमी होती?" पुढे दर रविवारी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कशा आहेत तुझ्या म्हशी?"

व्हिसा वाढवायला क्रॉयडनला गेलो, तिथे काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटेपालटे करून विचारलं, "कामासाठी आफ्रिकेत किती वेळा जाता?"

"एकदाही गेलो नाही."

"मग जनावरं कधी बघता?"

"रोज. नऊ ते साडेपाच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. कीव आली असावी.

आता धंदा समजावून सांगतो. विल्डबीस्ट नावाचं जनावर आहे. पुढून बैल, मागून घोडा, हनुवटीला बोकडाची दाढी. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "याला ताप आहे का?" टीव्हीवर मगरींच्या नदीत धडाधड उड्या मारताना दिसतात ते हेच, पण ते त्यांचं मोठं, नावाजलेलं स्थलांतर. आमचा कळप त्याच्या शेजारचा, लहान, ज्याच्यावर कुणी फिल्म काढत नाही. पावसाच्या दिवसांत तो पूर्वेच्या उघड्या मैदानावर असायचा. तिथलं गवत जेमतेम बोटभर, पण कसदार. माद्या तिथेच विणार. पाऊस संपला की मैदानावर प्यायला थेंब राहत नाही. मग सगळ्यांनी लेकराबाळांसकट पश्चिमेला चालायचं, बारमाही नदीकडे. पुन्हा पाऊस पडला की परत. यात आणखी काही गूढ नाही. पाणी जिथे आहे तिथे जायचं. वासरू एकदा आईच्या मागे चालून जातं आणि पुढच्या वेळी वाट त्याला आलेली असते.

कळपातल्या सात माद्यांच्या गळ्यात आम्ही पट्टे घातले होते. चामड्याचा जाड पट्टा, खाली बॅटरीचा डबा. दर चार तासांनी ती कुठे आहे हे तो पट्टा टिपायचा. दिवसाचे सहा ठिपके. ते रोज सकाळी आमच्या कॉम्प्युटरवर येऊन पडायचे, आणि चहा होईपर्यंत मला कळायचं की काल दिवसभर सातजणी कुठे कुठे फिरल्या. स्वतःची बायको काल कुठे होती हे मला इतकं नेमकं कधी कळलेलं नाही.

पण येतील ते ठिपके तसेच्या तसे घेता येत नाहीत. मशीनही चुकतं. एका दुपारी आमची सहा नंबर हिंदी महासागरात पोहत होती. दुसऱ्या एका दिवशी तीन नंबर विमानाच्या वेगानं दक्षिणेला जाऊन जेवायच्या वेळेला परत आली. असले ठिपके काढून टाकायचे. आई सुपात तांदूळ घेऊन बसायची, बोट फिरवत खडे वेचायची, तसं. इंग्रजीत त्याला डेटा क्लीनिंग म्हणतात. मी मनात निवडणंच म्हणायचो. आणि सांगतो, मी फार चांगलं निवडायचो. माझ्या नकाशात खडा लागला असं कुणी म्हणू शकलं नसतं.

एकदाच लागला, आणि तोही भर सभेत. आमच्या प्रमुख मार्गारेट. वय साठीच्या आसपास. उभी हयात आफ्रिकेत जीपमध्ये काढलेली, गुडघे गेले म्हणून केंब्रिजच्या खुर्चीत आलेल्या. वर्षातून एकदा त्या चर्चच्या हॉलमध्ये देणगीदारांना नकाशे दाखवायच्या. त्या वर्षी पाच नंबरची रेघ पडद्यावर आली. मैदानात फिरते फिरते आणि मग कितीतरी दिवस एकाच जागी. मार्गारेट हळुवार आवाजात म्हणाल्या, "इथे ती थांबलेली दिसते. एखाद्या मोठ्या झाडाची सावली असेल. कदाचित व्यायली असेल."

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. "बाईसाहेब, ती जागा मला माहीत आहे. मी तिथे गेलोय. सावली आहे खरी. बियरही चांगली मिळते."

पट्टा कधीच गळून पडला होता. कुणाला तरी सापडला, आणि त्यानं शोभेसाठी तो रस्त्यावरच्या बारमध्ये खिळ्याला टांगला. पाच नंबर कित्येक दिवस बारमध्ये बसून होती आणि आम्ही तिच्या बाळंतपणाची चौकशी करत होतो. हॉल हसून हसून बेजार झाला. मार्गारेटही हसल्या. ऑफिसात आल्यावर स्वेटरच्या बाह्या ओढत एवढंच म्हणाल्या, "विलास, हे पुन्हा होऊ नये."

मी हो म्हटलं, आणि नियम लिहिला. चालायच्या हंगामात एखादं जनावर तीन दिवस त्याच त्या टापूत घुटमळत राहिलं, तर पट्टा बिघडलाय किंवा गळलाय असं समजायचं आणि ते ठिपके टाकून द्यायचे. पण मग नकाशात भोक दिसतं, आणि भोक दिसलं की देणगीदार घाबरतात. म्हणून तिथे मागच्या वर्षांची चाल बघून अंदाजानं रेघ पुढे न्यायची. आधी ती रेघ मी तुटक काढायचो, हा अंदाज आहे हे कळावं म्हणून. पुढच्या वर्षी छापील वार्तापत्रात ती तुटक रेघ उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसायला लागली, म्हणून मी ती सलग केली. दोन मिनिटांचं काम. केलं आणि विसरलो.

आता सायमन. केनियातला आमचा माणूस. पूर्वी शाळेत शिकवायचा, त्यामुळे फोनवरही प्रत्येक वाक्य पूर्ण करायचा. त्याच्याकडे एक जुनी जीप होती, जी बहुतेक वेळा मेकॅनिककडेच असायची. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नाही. मला तो "मिस्टर विलास" म्हणायचा, आणि फोन ठेवण्याआधी न चुकता माझ्या मुलीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारायचा.

त्या भागात तेव्हा जमिनींच्या वाटण्या चालल्या होत्या. पूर्वी सगळ्यांची मिळून असलेली चराई तुकड्या-तुकड्यांनी ज्याच्या त्याच्या नावावर झाली, आणि ज्याला तुकडा मिळाला तो तार ओढायला लागला. यात कुणाला दुष्ट ठरवायची सोय नाही. माझ्या घरालाही कुंपण आहे, आणि त्याच्या एका फळीवरून मी शेजाऱ्याशी दोन वर्षं बोललेलो नाही. पण नदीच्या अलीकडे, कळपाच्या वाटेत आडवं, लांबच लांब एक कुंपण उभं राहिलं. सायमन त्या मालकाकडे गेला. म्हातारे गृहस्थ. तीन वेळा गेला, तिन्ही वेळा चहा पिऊन गुरांच्या आजारांवर बोलून परत आला. चौथ्या वेळी म्हातारे स्वतःच म्हणाले, "सगळी तार काढली तर माझी गुरं वाऱ्यावर जातील. पण तुझी जनावरं जिथे येऊन थांबतील, तेवढी जागा मी चार दिवस उघडी ठेवीन. कुठे ते मात्र नेमकं सांग."

सायमननं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका खुशीत होता की एक वाक्य त्यानं अर्धवट सोडलं. मग म्हणाला, "मिस्टर विलास, कुंपण माझ्या गावापासून लांब आहे, आणि रस्ता म्हणजे नावालाच. मी तिथे जाऊन बसू शकत नाही. तुम्ही फक्त सांगा, ती कुंपणाशी कुठे आली. बाकीचं मी बघतो."

मी हो म्हटलं. अख्ख्या नोकरीत मला इतकं सोपं काम कुणी दिलं नव्हतं.

आमच्या घरीही त्या कळपाचं एक माणूस होतं. चार नंबर. माझी मुलगी ईरा तेव्हा सात वर्षांची. तिनं त्या मादीचं नाव ठमी ठेवलं होतं. नाव तिच्या आजीनं फोनवरून सुचवलेलं. फ्रिजवर मी एक मोठा नकाशा लावून दिला होता. संध्याकाळी मी घरी आलो की बूट काढायच्या आत ईरा जांभळं पेन घेऊन उभी असायची. मी खिशातला कागद काढायचा, बोटानं जागा दाखवायची, तिनं ठिपका द्यायचा. लेस्टरला दिवाळीच्या खरेदीला गेलो तर परतीच्या वाटेवर गाडीत तिला तिच्या केंब्रिजच्या मराठीत आठवायचं, "बाबा, आज ठमीचा ठिपका राहिली!" माधुरी, म्हणजे बायको, म्हणायची, "माझ्या माहेरच्यांचं कुणी इतकं रोजच्या रोज विचारत नाही या घरात." पण एखाद्या दिवशी मला उशीर झाला की तीच फोन करायची. "अरे, येतोयस ना? चार नंबरच्या बाईंसाठी पोरगी जेवायची थांबलीय."

त्या वर्षी मैदानावरचा पाऊस लवकर आटोपला. बारमधला पट्टा परत मिळवून दुसऱ्या एका मादीच्या गळ्यात घातला होता, त्यामुळे पुन्हा सातजणी होत्या, आणि त्या एका आठवड्याच्या आत पश्चिमेला निघाल्या. मी सायमनला कळवलं, सायमननं म्हाताऱ्यांना. सगळे तयार. फ्रिजवर जांभळे ठिपके नेहमीसारखे वाकडेतिकडे चालले होते. जनावर कधी सरळ चालत नाही. गवत दिसलं की वळतं, वास आला की थबकतं, वासरू मागे राहिलं की परत फिरतं. ईराला हे तोंडपाठ होतं, मीच शिकवलं होतं.

मग एका संध्याकाळी ठिपका देऊन ती नकाशापासून थोडी मागे सरकली. "बाबा, ठमी असा सरळ का चालतो?"

"चालतो नाही, चालते. कुठे सरळ?"

"हे बघ. काल, परवा, आज. पट्टी ठेवल्यासारखा. ठमी असा चालत नाही ना?"

मी कोट अडकवत होतो. "अगं, तिला तहान लागलीय. नदी जवळ आलीय ना, आता कशाला वळेल?"

"ओके," ती म्हणाली. बाबांनी सांगितलं म्हणजे ते तसंच असणार.

हा प्रसंग मी इतक्या वेळा आठवलाय की कोटाचं बटण कुठलं तुटलं होतं तेही सांगू शकेन. सात वर्षांच्या मुलीला दिसलं ते, ज्याला त्याच कामाचा पगार मिळत होता त्याला दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. बघून बरं वाटलं. ऑफिसातल्या पडद्यावर सातही रेघा एकमेकींना सोडून न जाता पश्चिमेला निघाल्या होत्या, चित्रासारख्या. दर सकाळी मी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसायचो आणि मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

सायमनचा फोन आला. "कुंपणाशी आल्या का?"

माझ्या नकाशावर कुंपण नव्हतं. ते इतकं नवं होतं की कुठल्याच नकाशावर नव्हतं. सायमननं सांगितलेल्या गावांच्या नावांवरून अंदाजानं कागदावर मी एक पेन्सिलची खूण करून ठेवली होती. सातही रेघा त्या खुणेच्या पलीकडे गेल्या होत्या.

"गेल्यासुद्धा ओलांडून," मी म्हटलं.

"ओलांडून? सगळ्या?"

"सातही."

"तार नवी आहे, मिस्टर विलास. कशा गेल्या असतील?"

"एखादी जागा पडली असेल. पण गेल्यात. माझ्यासमोर दिसतायत."

"देवाची कृपा," सायमन म्हणाला. "मग म्हाताऱ्यांना सांगतो, आता राहू द्या." आणि मग विचारलं, "ईराची परीक्षा कशी झाली?"

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे काही झालं नाही. म्हणजे केंब्रिजमध्ये झालं नाही. वार्तापत्र छापायला गेलं. हीटर पुन्हा बिघडला. फ्रिजवर ठमी नदीला पोचली, त्या दिवशी माधुरीनं शिरा केला आणि ईरानं नदीशेजारी निळ्या रंगाचं एक हसरं जनावर काढलं.

मग सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. जीप दुरुस्त होऊन आली होती, आणि सायमन कळप बघायला मुद्दाम नदीपर्यंत गेला होता. "मिस्टर विलास, इथे कुणी नाही."

"थोडं खालच्या अंगाला बघ. ठिपके नदीवरच आहेत."

"मी दोन दिवस खाली-वर बघून आलो."

"असायला पाहिजेत. मला इथे स्वच्छ दिसतंय."

"मिस्टर विलास," तो म्हणाला, अजिबात आवाज न चढवता, "मी नदीवर उभा आहे."

तेव्हा मी टाकलेल्या ठिपक्यांची फाइल उघडली. निवडलेले खडे जिथे जातात ती. तिच्यात एरवी दिवसाला एखादा-दुसरा ठिपका पडायचा. आता ती भरून वाहत होती. सातजणींचा जवळजवळ प्रत्येक ठिपका, तीन आठवड्यांचा, तिथे होता. मी ते सगळे एकदम नकाशावर टाकले.

उत्तरेकडून दक्षिणेकडे एक रेघ उमटली. शेकडो ठिपके एकावर एक, एका बाजूला विस्कटलेले आणि दुसऱ्या बाजूला कापल्यासारखे साफ. त्या रेघेपलीकडे एकही नाही. मी जे कुंपण पेन्सिलनं अंदाजानं काढलं होतं ते त्यांनी चालून चालून नेमकं काढून दाखवलं होतं. वर जायचं, फट शोधायची, नाही मिळाली की खाली यायचं. पुन्हा वर. माझा नियम म्हणत होता, हे त्याच टापूत घुटमळतंय, म्हणजे बिघडलंय. काढा. आणि काढल्यावर उरलेल्या भोकात तोच नियम त्यांना मागच्या वर्षीच्या वाटेनं शांतपणे नदीवर नेत होता. म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, कुठे उघडू? आणि उत्तर रोज सकाळी माझ्याच कॉम्प्युटरवर येत होतं, दिवसाला सहा वेळा, सात तोंडांनी.

त्यातले तीन पट्टे आता जागचे हलत नव्हते.

मी सायमनला जागा सांगितली. आयुष्यात मी दिलेलं सर्वांत अचूक उत्तर. तो त्याच दिवशी तिकडे पोचला आणि म्हाताऱ्यांनी स्वतः पक्कड घेऊन तार कापली. काही जनावरं नदीकडे गेली. फार नाहीत. वासरं जवळजवळ नाहीतच.

नंतरच्या फोनवर सायमननं फारसं वर्णन केलं नाही. एवढंच म्हणाला की तारेच्या कडेनं रस्ता झाला होता. चालून चालून जमिनीची धूळ झालेली, एखाद्या गावाला जाणारा वाटावा असा रुंद रस्ता, आणि तो कुठेच जात नव्हता. आणि वारा पश्चिमेचा होता. तिथे उभं राहिलं की पाण्याचा वास येत होता. म्हातारे पक्कड हातात धरून सायमनला पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पण मी उघडलं असतं. तूच म्हणालास, राहू द्या." सायमन त्यांना काय म्हणाला ते मी विचारलं नाही. माझं नाव त्यानं सांगितलं नसणार. तो तसा माणूस नव्हता, आणि हेच मला सोसत नाही.

मार्गारेटना सांगितलं तेव्हा त्या उठल्या आणि किटली लावली. या देशात दुसरं काय करणार. पाणी उकळेपर्यंत पाठ करून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पुन्हा होऊ नये असं मीच म्हटलं होतं." देणगीदारांना त्यांनी स्वतःच्या सहीनं सगळं कळवलं, माझं नाव न घालता. त्यांचीही माझ्यावर मेहेरबानीच. मला कुणीतरी एकदा घसघशीत शिव्या द्यायला हव्या होत्या. आईकडून अपेक्षा होती. ती रविवारी सगळं ऐकून फक्त म्हणाली, "मुक्या जिवाचं फार वाईट झालं रे," आणि त्यानंतर कधी म्हशींचं विचारलं नाही.

लोक समजूत घालतात. जाणकारही घालतात. म्हणतात, त्या वर्षी कळप वाचला असता तर पुढच्या वर्षी दुसरं कुंपण होतंच. खरं आहे. पुढे तिथे इतक्या तारा पडल्या की पूर्वेचं मैदान आणि नदी यांच्यामध्ये वाट अशी राहिलीच नाही. पाऊस पडल्यावर मैदानावर थोडी जनावरं परत आली, पुढच्या वर्षी त्याहून थोडी, आणि मग सायमननं कळवलं की गवत उंच वाढलंय, खायला कुणी नाही. तो पुन्हा शाळेत शिकवायला लागला. मार्गारेट निवृत्त झाल्या, संस्था मिटली, त्या दोन खोल्यांत आता खालच्या सायकलच्या दुकानाचं गोदाम आहे. मी दुकानांच्या एका मोठ्या साखळीत, उद्या किती पाव खपतील याचा अंदाज बांधतो. तिथे माझी ख्याती अशी की विलासचे आलेख फार गचाळ असतात. मी काहीच काढून टाकत नाही. मॅनेजर वैतागते. "हे चुकीचे आकडे तरी काढ ना." मी त्या एकाच बाबतीत हो म्हणत नाही.

माधुरी तेव्हा म्हणाली होती, "अरे, कुंपण काही तू घातलं नाहीस."

नाही. मी ते फक्त नकाशावरून पुसत होतो.

ईराला मी त्याच आठवड्यात सांगितलं. तोवर ठमी सापडली होती. जे तीन पट्टे हलत नव्हते त्यातला एक तिचा. सायमननं तो काढला, आणि परत पाठवण्याऐवजी कुंपणाच्या खांबाला बांधून टाकला. मला म्हणाला, "बॅटरी अजून चांगली आहे, मिस्टर विलास. राहू दे इथेच. कुंपण कुठे आहे ते सांगायचं तिचं काम होतं."

ईराला सांगताना मी काही लपवलं नाही, म्हणजे माझं. सरळ रेघ बाबांनी काढली होती, ठमीनं नाही, हेही सांगितलं. ती रडली नाही. फ्रिजपाशी जाऊन नदीशेजारचं निळं जनावर बघत उभी राहिली. पेन पक्क्या शाईचं होतं, ते पुसता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बूट काढले, कोट अडकवला. ती पेन घेऊन उभी होती.

"ईरा, आता नको बाळा. ती नाहीये ना आता."

"पण आज आला का ठिपके?"

आले होते. सहा. खांबावरून. सकाळी माझ्या प्रोग्रामनं ते सहाही संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते आणि मी ते एकेक करून परत घेतले होते.

"आले," मी म्हटलं.

"मग दाखव कुठे."

मी बोट ठेवलं. तिनं सहा ठिपके दिले. त्याच जागी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा, त्याच जागी. ती शाळेच्या ट्रिपला गेली तेव्हा तिच्याऐवजी माधुरीनं दिले. हिवाळा गेला, पुढचा उन्हाळा आला, ईरा वरच्या वर्गात गेली, आणि खांबावरून रोज सहा येत राहिले. मी घरी येऊन बोट ठेवायचो, आता दाखवायची गरज नव्हती तरी.

मग एका सकाळी चार आले, आणि त्यानंतर काही आलं नाही. संध्याकाळी ईरानं चारच दिले. पेनाला टोपण लावायच्या आधी तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं. रोज तिथेच टोचून टोचून कागद केव्हाच फाटला होता. तिथे आता नकाशा नव्हता, भोक होतं, आणि शेवटचे कितीतरी ठिपके ती फ्रिजच्या पांढऱ्या पत्र्यावरच देत होती.